‘घोस्ट प्रोटोकॉल’: दुबईत शिखर, मुंबईत उतार

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मिशन इम्पॉसिबल’च्या सगळ्या भागांमध्ये मुंबईकरांचा या एका भागावर विशेष डोळा असतो. शेवटचा अर्धा तास आपल्या शहरात घडतो, अनिल कपूर आहे आणि टॉम क्रूझ प्रसिद्धीसाठी मुंबईतही येऊन गेला होता. त्यामुळे टीव्हीवर कधीही लागला तरी तेच ते प्रश्न निघतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत शेवटासकट सगळं फोडलं आहे, तेव्हा सिनेमा पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या.

हा कितवा भाग? आधीचे पाहिले नसतील तर अडेल का?

चौथा. पहिला १९९६ चा, दुसरा २००० चा, तिसरा २००६ चा आणि हा डिसेंबर २०११ चा. अडत काही नाही. ईथन हंट (टॉम क्रूझ) हा आयएमएफ नावाच्या गुप्त संघटनेचा माणूस आणि तिसऱ्या भागात त्याचं ज्युलियाशी लग्न झालं, एवढं माहीत असलं की पुरे. क्रेमलिनमध्ये स्फोट होतो, आळ आयएमएफवर येतो, सरकार हात झटकून मोकळं होतं आणि चार माणसं वाऱ्यावर सोडली जातात. पुढचं सगळं या चौघांचं: ईथन, बेंजी, ब्रँट आणि जेन.

एका दमात सांगा, चांगला आहे की नाही?

चांगला आहे. सुरुवातीपासून दुबईतलं वाळूचं वादळ संपेपर्यंत तर या मालिकेतला सगळ्यात जमून आलेला सिनेमा आहे. त्यानंतर तो मुंबईत येतो आणि तिथून घसरतो. खलनायक फिका, शेवट नेहमीचा आणि मुंबई अशी की तिच्या जागी कुठलंही शहर चाललं असतं.

बुर्ज खलिफावरच्या प्रसंगाचं एवढं कौतुक का? शेवटी स्टंटच ना?

उंचीचं कौतुक असतं तर हा प्रश्न रास्त होता. इमारत ८२८ मीटरची आहे, जगात सगळ्यात उंच, पण उंचीची सवय प्रेक्षकाला दोन मिनिटांत होते. हा प्रसंग उभा आहे तो अडचणींच्या रचनेवर.

क्रम बघा. सर्व्हरच्या खोलीत आतून शिरता येत नाही, म्हणून बाहेरून जायचं. अकरा मजले वर आणि सात खिडक्या आडवं. हातात काचेला चिकटणारे मोजे. निळा दिवा असेल तर चिकटलेत, लाल झाला तर संपलं, असं बेंजी सांगतो. हे ऐकलं की कुठला दिवा लागणार ते आपल्याला कळतंच. तरीही तो लागतो तेव्हा पोटात गोळा येतो, कारण कधी आणि कुठल्या हाताचा लागेल हे ठाऊक नसतं. पुढे एकाच हातावर चढायचं. वर पोचल्यावर काच कापायची. परत येताना दोरीऐवजी आगीच्या नळीचा पाइप, आणि तो लांबीला कमी पडतो. इमारतीच्या अंगावरून धावत खाली यायचं, झोका घ्यायचा आणि उघड्या खिडकीत उडी मारायची. उडी चुकते आणि आत उभ्या असलेल्या ब्रँटच्या हाती त्याचा पाय लागतो.

एक अडचण संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि प्रत्येक अडचण आधीच्या उपायातूनच निघते. लेखनाची कारागिरी म्हणतात ती ही. शिवाय दिग्दर्शक घाई करत नाही. ईथन खिडकीबाहेर पाऊल टाकतो तेव्हा कॅमेरा त्याच्याबरोबर बाहेर जातो, वळतो आणि खालचा रस्ता दाखवतो. त्या वेळी संगीत जवळजवळ थांबतं आणि ऐकू येतो फक्त वारा.

टॉम क्रूझ खरंच लटकला होता का?

हो, बुर्ज खलिफाच्याच बाहेर. अर्थात सुरक्षेचे दोर बांधलेले होते, ते नंतर संगणकावर पुसले. स्टंटसाठी बदली माणूस मात्र घेतला नाही. डोळ्याला फरक कळतो तो इथेच. हिरव्या पडद्यापुढे लटकणाऱ्या माणसाचे खांदे सैल असतात, याचे नाहीत.

क्रेमलिनमधल्या त्या पडद्याच्या प्रसंगाबद्दल इतकं कमी का बोललं जातं?

बुर्जची सावली पडते म्हणून. माझ्या मते खरी गंमत तिथे जास्त आहे.

लांब ओसरी, टोकाला टेबलामागे बसलेला एक पहारेकरी. ईथन आणि बेंजी रशियन अधिकाऱ्यांच्या वेषात. ते ओसरीच्या रुंदीचा एक पडदा उभा करतात, त्यावर रिकाम्या ओसरीचं चित्र पडतं आणि पहारेकऱ्याच्या नजरेनुसार ते चित्र सरकत राहतं. तो मान हलवेल तसं खोटं दृश्यही हलतं. मग दोघं पडद्याआडून वीतभर, वीतभर पुढे सरकतात. पहारेकऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते कळत नाही. हे सगळं जवळपास मूकपणे चालतं.

आणि मग ओसरीत आणखी माणसं येतात. यंत्राला एका माणसाची नजर सांभाळता येते, अनेकांची नाही. कुणासाठी चित्र दाखवायचं हे त्याला ठरवता येईना आणि पडदा थरथरायला लागतो. विनोद आणि धसका एकाच ठोक्यावर. ब्रॅड बर्ड हा दिग्दर्शक मुळात अॅनिमेशनमधला. २००४ चा ‘द इन्क्रेडिबल्स’ त्याचा, २००७ चा ‘रॅटाटुई’ही त्याचाच, आणि हा त्याचा जिवंत नटांबरोबरचा पहिला सिनेमा. अॅनिमेशनमध्ये प्रत्येक हालचाल कागदावर ठरवावी लागते, कॅमेऱ्यासमोर आपोआप काही घडत नाही. ती शिस्त इथे दिसते.

यात सगळी यंत्रं बिघडतातच कशी? मुद्दाम केलंय का?

अगदी मुद्दाम, आणि या भागाचा सगळ्यात मोठा गुण तोच आहे. मोजा. टेलिफोनच्या खोक्यातला निरोप आपोआप नष्ट व्हायला हवा, होत नाही. ईथनला परत फिरून वर हात हाणावा लागतो, जसा आपण जुन्या टीव्हीला हाणायचो. मालगाडीच्या डब्याचं दार डोळा ओळखून उघडतं, पण गाडी धावती असल्यामुळे डोळा यंत्रासमोर राहीना. बुर्जवर चिकटणारा हातमोजा मरतो. मुखवटे बनवणारं यंत्र ऐन वेळी मान टाकतं. चुंबकाच्या आधाराने हवेत तरंगणाऱ्या ब्रँटच्या खालची यंत्रगाडी दगा देते.

हेरपटांत यंत्रं सहसा कथाकाराची पळवाट असतात. घोडं अडलं की खिशातून काहीतरी काढायचं. इथे उलट आहे. सरकारने पाठिंबा काढून घेतलाय, नवं सामान मिळणार नाही, जे आहे ते अर्धंमुर्धं चालतं. मग माणसांना डोकं चालवावं लागतं आणि एकमेकांवर भरवसा ठेवावा लागतो. दुबईतली दोन मजल्यांवरची दुहेरी भेट बघा. खरेदीदाराला वाटतंय समोर विक्रेता आहे, विक्रेत्याला वाटतंय समोर खरेदीदार आहे आणि दोन्हीकडे आपलीच माणसं बसलीत, मुखवट्यांशिवाय. ती दोघं एकमेकांना कधी भेटलेली नसावीत, एवढ्या एका आशेवर. खऱ्या मुखवट्यापेक्षा मला हे दहापट आवडतं.

आणखी एक बारीक गोष्ट: मुखवटा ही या मालिकेची ओळख, आणि या भागात तो लावतो फक्त खलनायक.

खलनायक कोण होता? पाहून झाल्यावर चेहराच आठवत नाही.

कर्ट हेंड्रिक्स. नट मिकाएल न्यूक्विस्ट, स्वीडनचा आणि चांगल्या ताकदीचा. दोष त्याचा नाही, त्याला कामच दिलेलं नाही. अणुयुद्ध हा उत्क्रांतीचा पुढचा टप्पा आहे असं मानणारा हा विद्वान. कल्पना भयंकर आहे, पण ती आपल्याला मिळते कशी? एका चित्रफितीतून आणि दुसऱ्यांच्या तोंडून. त्याच्या स्वतःच्या तोंडी मोजकी वाक्यं. ईथनशी त्याचं धड बोलणंही होत नाही. पहिल्यांदा समोरासमोर येतात तेच हाणामारीत.

आणि ती हाणामारीही पटत नाही. अणुनीतीचा अभ्यासक, वयाने पन्नाशीच्या पुढचा, तो ईथन हंटला एवढा वेळ झुंजवतो? दुबईत तो स्वतःच्याच हस्तकाचा मुखवटा घालून आला होता, हा धक्का म्हणून दाखवलाय. पहिल्यांदा पाहताना चालून जातं. दुसऱ्यांदा पाहताना प्रश्न पडतो की हस्तक होताच, मग याला स्वतः जाण्याची गरज काय होती? उत्तर सिनेमात नाही.

त्या मानाने साबीन मोरो ही मारेकरीण पाचदहा मिनिटांत जास्त जागा अडवते. लेया सेदूने तिला एकही जादा भाव दिलेला नाही. नुसती बघते. ती दुबईतच खिडकीबाहेर जाते आणि तिच्याबरोबर सिनेमातली भीतीही.

यातली मुंबई खरी आहे का? कुठे कुठे चित्रण झालं?

थोडी आहे, बरीचशी नाही. चित्रीकरणाच्या गावांच्या यादीत मुंबई आहे. पण टीव्ही वाहिनीच्या इमारतीतला कळसाचा भाग बंगळूरला सन नेटवर्कच्या कार्यालयात झाला आणि गाड्या वरखाली नेणारं ते यांत्रिक वाहनतळ कॅनडात, व्हॅनकुव्हरच्या स्टुडिओत मुद्दाम उभारलं होतं. क्रेमलिनसाठीही प्राग वापरलंय, तेव्हा यात मुंबईचा वेगळा अपमान झाला असं मानायचं कारण नाही. सिनेमे असेच बनतात.

माझी तक्रार वेगळी आहे. बुर्ज खलिफाचं या सिनेमाने काय केलं? तिची उंची, काच, वारा, वाळू, सगळं कथेत ओढलं. ती इमारत काढली तर प्रसंगच उरत नाही. मुंबई काढा आणि जकार्ता घाला, एकही वाक्य बदलावं लागणार नाही. एका उद्योगपतीची राजवाड्यातली मेजवानी, दिव्यांची आरास, नाचणाऱ्या मुली, हत्तीच तेवढा राहिला. या शहरात ज्याच्याकडे पैसा येतो तो उंच जातो, आडवा पसरत नाही. जागाच कुठाय? मलबार हिल, अल्टामाउंट रोड, वरळी, सगळीकडे मनोरे. ज्या सिनेमाला उंचीची एवढी नस सापडली होती, तो आशियातल्या इतक्या उभ्या शहरात येऊन जमिनीवरच्या महालात शिरतो. हातची संधी घालवली म्हणतात ती ही.

गर्दीचंही तेच. लोकल नाही, पाऊस नाही, पूल नाहीत. भविष्यातली वाटावी अशी बीएमडब्ल्यू घेऊन ईथन आणि जेन रस्त्याने निघतात ते माणसं-वाहनं चुकवत सुसाट. अंधेरीहून दादरला रोज गाडी हाकणारा माणूस चित्रपटगृहात त्या वेळी हसतो आणि ते हसू दिग्दर्शकाला अपेक्षित नव्हतं. खरं तर अणुबॉम्ब सुटलाय आणि नायक वाहतुकीत अडकलाय, यासारखा ताण दुसरा नाही! यंत्रं बिघडण्याची एवढी हौस असलेल्या सिनेमाला मुंबईतली कोंडी आयती मिळाली होती.

संगीतातही मुंबई आली की हिंदुस्थानी ढंग सुरू. मायकेल जाकिनोने ते सफाईने केलंय, लालो शिफ्रिनच्या मूळ पाच ठोक्यांच्या चालीशी चांगलं खेळलाय, पण ‘आता भारत आला बरं का’ ही सूचना कानाला टोचते.

निदान ते वाहनतळ तरी खोटं ना? मुंबईत असं कुठे आहे?

२०११ मध्ये तेवढं भव्य सार्वजनिक वाहनतळ आपल्याकडे नव्हतं. पण गाड्या यंत्राने रचून ठेवायची पद्धत शहराला नवी नाही. नव्या इमारतींत एकावर एक गाड्या चढवणाऱ्या लोखंडी फळ्या सर्रास दिसतात. २०२१ मध्ये महापालिकेने भुलाभाई देसाई मार्गावर बहुमजली यांत्रिक वाहनतळ सुरूही केलं. म्हणजे मुंबईच्या भागातली सगळ्यात अद्भुतरम्य गोष्ट शहराने पुढे खरी केली आणि बाकीच्या गोष्टी तशाच खोट्या राहिल्या.

प्रसंग म्हणून ते वाहनतळ मुंबईच्या भागातली सगळ्यात चांगली कल्पना आहे. सरकते मजले, खालून येणारी गाडी, वरून पडणारी गाडी, मध्ये क्षेपणास्त्र थांबवू शकणारी एक पेटी आणि तिच्यासाठी झगडणारे दोघं. पेटी हाताला लागू नये म्हणून हेंड्रिक्स ती घेऊन खाली उडी टाकतो. ईथन गाडीत बसून गाडी नाकावर खाली सोडतो आणि हवेच्या पिशवीच्या भरवशावर वाचतो. वेडगळ आहे, पण या मालिकेचं वेड असंच असतं. लंगडी बाजू एवढीच की तिकडे वीज गेलेली, इकडे क्षेपणास्त्र सॅन फ्रान्सिस्कोवर पोचायला आलेलं आणि बटण दाबलं जातं अगदी शेवटच्या क्षणी. ते निकामी होऊन ट्रान्सअमेरिका पिरॅमिड या इमारतीला घासून समुद्रात पडतं. दुबईत ज्या सिनेमाने आपल्याला पुढचं ओळखू दिलं नाही, तो इथे सगळ्यांना पाठ असलेला शेवट करतो.

अनिल कपूरला वाया घालवलं का?

घालवलं. ब्रिजनाथ हा माध्यमसम्राट, त्याच्याकडे सोव्हिएत काळातला लष्करी उपग्रह, त्याचा संकेत जेनला काढून घ्यायचाय. भूमिका एवढीच: बाईमागे लागणारा श्रीमंत, मग मार खाणारा श्रीमंत. प्रदर्शनाआधी इथे त्याच्या नावाचा जो गाजावाजा झाला होता त्या मानाने पडद्यावरचा वेळ पाहून पुष्कळांचा विरस झाला. २००८ च्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’मध्ये याच माणसाने गोड हसत खुर्चीतल्या पोराला कसं कापलं होतं! तो गोड विखारीपणा इथे हवा होता. उपग्रहाचा मालक हेंड्रिक्सला सामील असता, किंवा दोघांनाही खेळवणारा असता, तर मुंबईच्या भागाला कणा मिळाला असता.

त्याने मात्र पाट्या टाकलेल्या नाहीत. मिळालेल्या मिनिटांत तो मजेत वावरतो, स्वतःवर फिदा असलेला माणूस छान उभा करतो. कामात खोट नाही, कामच थोडं.

बाकीची टोळी कशी आहे?

इथे सिनेमाला पैकीच्या पैकी नाही, पण चांगले गुण. सायमन पेगचा बेंजी नुकताच मैदानात उतरलेला. उत्साह ऊतू जातोय आणि भीतीही वाटतेय. त्याचा विनोद प्रसंगातून येतो, चिकटवलेला वाटत नाही. जेरेमी रेनरचा ब्रँट हा विश्लेषक म्हणवणारा माणूस मारामारीत इतका सराईत कसा, ही गाठ चांगली बांधलीय. गाठ सुटते ती मात्र लांबलचक बोलण्यातून: क्रोएशियात ज्युलियाचं रक्षण करण्याची जबाबदारी त्याची होती आणि ती गेली, असं तो मानतो.

पॉला पॅटनच्या जेनवर अन्याय झालाय. तिच्या जोडीदाराला मोरोने मारलं, हा सूड दुबईत पूर्ण होतो. त्या दोघींची मारामारी चांगली आहे, दोघींनी ती स्वतः केलीय. पण सूड उरकल्यावर जेनकडे करण्यासारखं काय? मुंबईत तिने नटून उद्योगपतीला भुलवायचं. काही मिनिटांपूर्वी जी बाई तोंडावर ठोसे खात होती तिच्यासाठी लेखकाला दुसरं काही सुचू नये?

तुरुंगातून त्या बोगदानला कशाला सोडवलं? वेळ काढायला?

नाही. सुरुवातीला तुरुंगातून पळताना ईथन ज्याला सोबत काढतो तो बोगदान पुढे त्याला शस्त्रांच्या दलालापर्यंत पोचवतो आणि त्या दलालाकडूनच मुंबईतल्या उपग्रहाचा धागा मिळतो. पहिल्या पाच मिनिटांत पेरलेलं दीड तासाने उगवतं. असे धागे या सिनेमात बरेच आहेत, म्हणून तो दुसऱ्यांदा पाहताना कंटाळा येत नाही.

ज्युलिया मेली की नाही?

नाही मेली. शेवटी सिएटलमध्ये ती लांबून दिसते, ईथनकडे बघते. तिला वाचवायचं म्हणूनच तिच्या मरणाची बतावणी केली होती. काहींना हा शेवट गोडमिट्ट वाटतो. मला तो चालतो, कारण टॉम क्रूझ तिथे धावत नाही, लटकत नाही, फक्त उभा राहतो.

पैसे किती खर्चले, किती मिळाले?

साधारण साडेचौदा कोटी डॉलर खर्च, जगभरची कमाई एकोणसत्तर कोटी डॉलरच्या आसपास. तोपर्यंतच्या चारही भागांत सगळ्यात जास्त. याच मालिकेतल्या २०१८ च्या ‘फॉलआउट’ने तो आकडा ओलांडला. तिसऱ्या भागानंतर मालिका आटोपते की काय अशी स्थिती होती, तिला पुन्हा उभं केलं ते या भागाने.

मग सगळ्या भागांत याचा नंबर कितवा?

माझ्या हिशेबी ‘फॉलआउट’ पहिला, हा दुसरा आणि १९९६ चा मूळ सिनेमा याच्या अगदी खांद्याला खांदा लावून. दुबईपर्यंतचाच सिनेमा धरला तर हा पहिला. २००० चा दुसरा भाग शेवटी, यावर आमच्या घरातही भांडण होत नाही.

मुलांना दाखवायला हरकत?

दहा-बाराच्या पुढच्या मुलांना खुशाल दाखवा. मारामारी भरपूर, रक्त फार नाही. लहानांना सुरुवातीचा तुरुंगातला दंगा आणि नदीत बुडणारी गाडी जड जाऊ शकते. हिंदीत भाषांतरित आवृत्ती आहे, पण बेंजीचे विनोद तिच्यात निम्मे उतरतात.

टीव्हीवर पाहिलाय. मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहण्यात अर्थ आहे का?

यातली सुमारे पंचवीस मिनिटं आयमॅक्सच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली आहेत आणि बुर्जचा प्रसंग त्यातच येतो. फोनवर ज्याने तो पाहिला त्याने तो पाहिला असं मी धरत नाही. मुंबईत आता आयमॅक्सची सोय बऱ्यापैकी आहे, चर्चगेटचं इरॉससुद्धा २०२४ मध्ये आयमॅक्स होऊन पुन्हा उघडलं. कुठे पुनर्प्रदर्शन लागलं तर मधल्या रांगेचं तिकीट काढा, मध्यंतराआधीच्या भागात जागेवरून उठू नका. चहा-समोसा घ्यायचाच असेल तर ब्रिजनाथच्या मेजवानीत घ्या.